गवसणीतला कॅमेरा

दुकानात येणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न असा विचारतो, "सगळ्यात चांगला कॅमेरा कोणता?" या प्रश्नाला उत्तर नसते. सगळ्यात चांगली चप्पल कोणती, असे कुणी विचारले तर काय सांगणार? वरातीत नाचायला वेगळी, चिखलात उतरायला वेगळी, आणि देवळात जायचे असेल तर कुठलीच नको. म्हणून मी उत्तर न देता उलट तीन प्रश्न विचारते. फोटो कशाचा काढायचा आहे? उजेड कोणता असेल? आणि त्या वेळी तुम्ही स्वतः कुठे असाल?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लोक भराभर देतात. तिसऱ्याला थबकतात. फोटो काढताना आपणही कुठेतरी उभे असतो, हे बहुतेकांच्या ध्यानातच आलेले नसते.

"अरे यार रेवा," मामा गल्ल्यावरून म्हणतो, "गिऱ्हाईक आहे ते. परीक्षा देने थोडी आया है!"

मामाचे दुकान ग्वाल्हेरला, लष्कर भागात, टोपी बाजारातून आत वळणाऱ्या एका गल्लीत आहे. आजोबांच्या काळात तिथे पासपोर्टचे फोटो निघत आणि रोल धुतले जात. मामाच्या काळात लग्नाचे अल्बम बनू लागले. मी भौतिकशास्त्रात, प्रकाशशास्त्र हा विशेष विषय घेऊन, एम.एस्सी. केले आणि संशोधनाची जागा मिळेपर्यंत 'तात्पुरती' तिथे बसू लागले. तेव्हापासून कॅमेरे आणि लेन्स विकणे, भाड्याने देणे आणि कुणी काय घ्यावे हे सांगणे, असा दुकानाचा तिसरा अवतार सुरू झाला. संशोधनाची जागा पुढे मिळाली, तेव्हा मी गेले नाही. त्याची रुखरुख आहे. मात्र झाशी आणि आग्रा इथे शाखा काढण्याचा माझा बेत ज्यांना हास्यास्पद वाटतो, त्यांनी मला काही वर्षांनी भेटावे. अनुभव लिहायला केस पिकलेले असावेत, असा दिवाळी अंकांचा अलिखित नियम आहे. माझे अजून पिकलेले नाहीत, एवढी सवलत वाचकांनी द्यावी.

धंद्यातले शास्त्र थोडक्यात सांगते. कॅमेरा म्हणजे अंधारी पेटी. तिच्या तोंडाशी लेन्स बसते. लेन्सवर मिलिमीटरचा एक आकडा लिहिलेला असतो: तो लहान असेल तर समोरचे दृश्य रुंद दिसते, मोठा असेल तर दूरचे जवळ येते. लेन्सच्या आत एक छिद्र असते. ते जितके मोठे उघडेल, तितका उजेड आत जास्त. पेटीत एक पडदा असतो. तो किती वेळ उघडा राहिला यावर हलती वस्तू स्पष्ट येते की पुसट, हे ठरते. बाकीचे बरेचसे जाहिरातवाल्यांचे आहे.

या एवढ्या शास्त्रावर माणसे जे चढवतात, ते मात्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. मुरारच्या छावणी भागातून एक निवृत्त सुभेदार आले. पूर्वज कधी काळी दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. मराठी बोलताना अधूनमधून छावणीतली हिंदी डोकावायची. त्यांना धरणावरचे पक्षी टिपायचे होते.

"ती सगळ्यात मोठी तोफ काढ," काचेच्या कपाटाकडे बोट दाखवत ते म्हणाले.

मी काढली, त्यांच्या हातात दिली, डोळ्याला लावायला सांगितली आणि पक्ष्यांविषयी विचारत राहिले. कुठले येतात, कुठून येतात, किती वेळ बसतात. सुभेदारसाहेब उत्साहाने सांगत होते. हळूहळू लेन्सचे टोक खाली झुकू लागले, मग मनगट थरथरू लागले.

"बेटी, हे तर भारी पडून राहिलं."

"काका, पक्षी अजून आलेला नाही."

ते इतक्या मोठ्याने हसले की रस्त्यावरचा रिक्षावाला आत डोकावला. शेवटी त्यांनी निम्म्या वजनाची लेन्स नेली. तिच्यात उजेड थोडा कमी शिरतो. त्यावर उपाय म्हणून ऊन चढेपर्यंत थांबायचे, एवढेच. आता दर रविवारी ते मला एक खंड्या पाठवतात. खंड्या हा एकच पक्षी असला तरी त्याचे स्वभाव अनेक असावेत, असे माझे मत होत चालले आहे.

दुसरा बल्लू भैया. पडाव भागातल्या हॉटेलांमधल्या लग्नांचे फोटो तो काढतो. त्याच्याकडे छोटा, उत्तम कॅमेरा होता आणि तरीही त्याला नवा हवा होता.

"दीदी, कैमरा बड़ा दिखना चाहिए. लड़की का बाप पहले कैमरा देखता है, फोटो बाद में."

मी त्याला कॅमेरा विकला नाही. लेन्सच्या तोंडाला लावायचे एक मोठे, काळे, फुलाच्या पाकळ्यांसारखे कातरलेले आच्छादन दिले. त्याचे खरे काम बाजूने येणारा तिरका उजेड अडवण्याचे असते. बल्लू भैयाच्या बाबतीत ते मुलीच्या बापाची शंका अडवते. तो खूश आहे. मामा मात्र त्या दिवशी माझ्याशी जेवणापर्यंत बोलला नाही.

हे सगळे मी खरे तर वेळ काढण्यासाठी लिहिते आहे. लिहायचे आहे ते काकूंविषयी, आणि त्यांनी मला बजावले आहे की लिही, पण यांचे नाव घालू नकोस. तेव्हा त्या काकू, आणि 'हे' म्हणजे बुवा.

ज्येष्ठातल्या एका भर दुपारी त्या दुकानात आल्या. सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी, वय सत्तरीच्या पुढचे. पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मामाकडे न पाहता माझ्याकडे वळल्या.

"बेटा, मला यांचा एक फोटो काढायचा आहे."

"त्यांना घेऊन या ना काकू. मामा काढून देईल."

"बसलेला नकोय. गातानाचा हवाय."

आमच्या गावात गाणे हा अजूनही घरगुती विषय आहे. बुवांचे नाव ऐकताच मामा गल्ल्यावरून उठून उभा राहिला. पन्नास वर्षे गाणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसाचा गातानाचा एकही फोटो नसावा, हे मला अशक्य वाटले.

"एकही नाही?"

"सत्काराचे आहेत की. शाल, श्रीफळ आणि बंद तोंड."

याचे कारण मामाला माहीत होते. फार पूर्वी एका मैफलीत फोटोग्राफर पुढे येऊन बसला. बुवांची विलंबित लय चाललेली, आणि कॅमेऱ्याची खटखट मध्येच, कुठेही, कशीही. बुवा थांबले. तानपुरा आडवा ठेवला आणि उठून गेले. त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी कॅमेरा उचलला नाही. घरच्या बैठकीत तर मोबाइलसुद्धा दाराशी एका टोपलीत ठेवून आत जायचे असते, आणि त्या टोपलीची राखण काकूंकडेच होती.

मी माझे तीन प्रश्न विचारले. कशाचा फोटो, ते कळले होते. उजेड? संध्याकाळ, बैठकीची खोली, खिडक्या बंद, मुलाने छताला नवे पांढरे दिवे बसवलेले.

"आणि तुम्ही कुठे असाल?"

"दारात. मी नेहमी आतल्या दारातच असते. चहापाणी, प्रसाद, कोण आलं, कोण गेलं…"

मी कागदावर खोलीचा आराखडा काढला. "दारापासून ते किती लांब बसतात?"

"लांब कसले, चार पावलं. पण दार त्यांच्या मागे आहे ना."

"मागे? मग पाठ येईल, काकू."

"तेच तर," त्या म्हणाल्या, आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी यांचं गाणं पाठीमागून ऐकते आहे. हात कसा उठतो ते मला माहीत आहे. मान कशी जाते, खांदा कसा पडतो, सगळं माहीत आहे. चेहरा कधी पाहिलेला नाही. सासूबाई असताना पुढे येऊन बसायची रीत नव्हती. त्या गेल्यावर रीत कुणी मोडायची? राहून गेलं. आता गुरुपौर्णिमा झाली की यांच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाण्याचं नंतर बघू. हे 'नंतर बघू' मला समजतं, बेटा."

मामाने पंख्याचा वेग उगाचच वाढवला.

मला त्या क्षणी काय वाटले ते सांगायचे तर, मला प्रश्न आवडला. माझे शिक्षण असेच झाले आहे. वाईट वाटण्याआधी मला आकडेमोड सुचते. अटी स्पष्ट होत्या. आवाज शून्य हवा. उजेड बेताचा. गाणाऱ्याची मान हलती. फोटो एकच, पण तो मिळालाच पाहिजे, कारण पुन्हा संधी नाही. आणि सगळ्यात वरची अट काकूंनी स्वतःच सांगितली:

"आणि हे उठून गेले तर? शेवटचं गाणं माझ्या हौसेपायी मोडलं तर मी काय करू? तसं होणार असेल तर नकोच. तू मला खरं सांग."

मी म्हटले, "आधी तपासून सांगते."

लेन्स ठरवणे सोपे होते. समोर बसून काढायचे तर पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये मांडी घातलेले अख्खे बुवा येतील, हातासकट. पंच्याऐंशीच्या लेन्समध्ये चेहरा आणि खांदे. मी विचारले, "हात हवा का?"

"हात मी पाहिलाय," काकू म्हणाल्या. "चेहरा दे."

तेव्हा पंच्याऐंशीची, मोठ्या छिद्राची लेन्स. आवाजाचेही उत्तर माझ्याकडे तयार होते. आजच्या कॅमेऱ्यांत पडदा न हलवता, नुसत्या विजेवर फोटो घेण्याची सोय असते; आवाज अजिबात होत नाही. बुवा डॉक्टरांकडे गेले होते त्या दुपारी मी कॅमेरा घेऊन काकूंच्या घरी गेले. निघताना मामा म्हणाला, "फोटो काढायला चाललीस की चोरी करायला?"

खिडक्या लावून, दिवे लावून आम्ही प्रयोग केला. बुवांच्या जागी काकू बसल्या.

"तानेत मान कशी हलते?" मी विचारले.

त्यांनी डोळे मिटले आणि मान अशी झटकन फिरवली की मी क्षणभर कॅमेरा विसरले. पन्नास वर्षे मागून पाहिलेली मान त्या समोरून करून दाखवत होत्या. मी आवाज न करता फोटो घेतला आणि कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवर दोघींनी पाहिला. काकूंच्या चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे होते, आणि चेहरा एका बाजूला कलंडून चेपला होता.

"अगं बाई, हे तर ठेचलेलं पातेलं!"

कारण मला ठाऊक होते, पण त्याचे स्वरूप इतके वाईट असेल असे वाटले नव्हते. असा मुका कॅमेरा सगळे चित्र एकदम घेत नाही. वरून खाली, ओळीओळीने वाचत जातो. तेवढ्या वेळात मान पुढे सरकते आणि चेहरा वाकतो. शिवाय छताचे नवे दिवे आपल्या डोळ्यांना स्थिर दिसले तरी अतिशय वेगाने लुकलुकत असतात. त्या लुकलुकण्याचे पट्टे चित्रावर उमटतात. वेग कमी केला तर पट्टे विरळ होतात, पण मग मान पुसट. मी अर्धा तास सगळे बदलून पाहिले. मोबाइलचेही तेच, त्यालाही हलता पडदा नसतो. खरा पडदा असलेल्या कॅमेऱ्याने चेहरा सरळ आणि स्वच्छ येत होता. पण पडदा वाजत होता. बंद खोलीत तर चांगलाच.

मी कॅमेरा पेटीत ठेवला. "काकू, मुका कॅमेरा चेहरा बिघडवतो आणि चेहरा नीट आणणारा कॅमेरा बोलतो. या कामासाठी तुम्हाला विकावी अशी वस्तू माझ्याकडे नाही."

विकणाऱ्याने हे वाक्य क्वचित म्हणावे. काकू रागावल्या नाहीत. कोपऱ्यात बुवांचा तानपुरा उभा होता, कापूस भरलेल्या कापडाच्या खोळीत, म्हणजे गवसणीत. त्या उठून तिथे गेल्या आणि गवसणीच्या नाडीशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"बोलू दे की," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कॅमेरा नको, असं हे कधी म्हणालेच नव्हते. मी होते ना त्या दिवशी, पाठीमागेच. तानपुरा ठेवला आणि म्हणाले, ज्याला सम कळत नाही त्यानं माझ्यासमोर कॅमेरा धरू नये. लोकांनी पुढचं तेवढं ऐकलं." मग माझ्याकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, "मला सम कळते, बेटा."

ज्यांना गाण्याचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. ताल हे वर्तुळ असते. गाणारा त्यात कितीही भटकला तरी वर्तुळाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, त्याला तबल्याशी येऊन भेटावे लागते. तिथे तबल्यावर भरदार थाप पडते, ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात, कुणी 'वाहवा' म्हणते. पदार्थविज्ञानाच्या भाषेत, मोठ्या आवाजाच्या सावलीत लहान आवाज लपतो. कॅमेऱ्याचा 'खट्' त्या सावलीत नेमका पाडला तर? बल्लू भैयाला ते जमणार नाही. तो काही घडले की बटण दाबतो, म्हणजे नेहमी थोडा उशिरा. समेचे तसे नसते. ज्याला ती कळते त्याला ती येण्याआधीच कळते. काकूंच्या बोटाला समेच्या मागे धावायची गरज नव्हती. त्यांना फक्त तिथे हजर राहायचे होते.

पुढच्या काही दुपारी आमच्या दुकानाची तालीमखोली झाली. काकूंनी तानपुऱ्याच्या जुन्या गवसणीचे कापड दुहेरी घेऊन, मध्ये कापूस भरून, कॅमेऱ्यासाठी एक छोटी गवसणी शिवून आणली. लेन्सला एक भोक, डोळ्याला एक, आणि खालून हात घालायला तोंड. आत कॅमेरा वाजला की बाहेर फक्त 'टप्' असे ऐकू येई, उशीवर सुपारी पडावी तसे. मी बुवांचे जुने ध्वनिमुद्रण लावी. मामा काउंटरच्या लाकडावर ठेका धरी. मामाला तबल्याचे अंग आहे, हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा कळले.

"भाऊ, तुमचा ठेका पळतोय," काकू डोळा कॅमेऱ्याला लावूनच म्हणत.

"काकू, घोड़ा पुराना है, घर दिखता है तो भागता है."

"मग लगाम धरा. मी माझा खटका तुमच्यासाठी हलवणार नाही."

काकू मोहरीच्या तेलाच्या जाहिरात-कॅलेंडरवरच्या गणपतीचे फोटो काढीत. पहिल्या दिवशी गणपतीचे कान आले, दुसऱ्या दिवशी नुसता मोदक. तिसऱ्या दिवसापासून गणपती नीट येऊ लागला, आणि प्रत्येक 'टप्' मामाच्या थापेखाली असा बेमालूम जाई की मला स्क्रीनवर बघितल्यावरच कळे की फोटो निघाला.

एक अडचण उरली होती. पुढे कसे बसायचे? इतक्या वर्षांत न बसलेली बाई ऐन बैठकीत पुढे येऊन बसली तर बुवांचे लक्ष जाणारच. याचेही उत्तर काकूंनीच काढले. गुरुपौर्णिमेला शिष्य आधी गुरूची पूजा करतात आणि मग गुरुपत्नीची. त्यासाठी त्यांना बुवांच्या समोर पाटावर बसवतात. दरवर्षी पूजा झाली की त्या उठून आत जात.

"यंदा उठायचंच नाही," त्या म्हणाल्या. "बस."

"आणि चहापाणी?"

"ते तू बघ."

अशा रीतीने गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळी प्रकाशशास्त्राची पदवीधर मी, बुवांच्या घराच्या आतल्या दारात, सुंठवड्याची ताटली हातात धरून उभी होते. पूजा झाली. शिष्य मागे सरकले. तबला लागला. काकू पाटावरून उठल्या नाहीत. बुवांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले असावे. मला ते दिसले नाही, कारण त्या जागेवरून काहीच दिसत नाही. दिसते ती एक रुंद पाठ, पांढऱ्या सदऱ्याची एक सुरकुती, आणि डाव्या खांद्यावरून थोडासा कान.

त्या पाठीच्या पलीकडे मात्र, समोरासमोर, काकूंचा चेहरा होता.

बुवांनी स्वर लावला. आजारी गळा असेल असे वाटले नाही. आवाज थोडा खरबरीत होता, एवढेच. पहिली काही आवर्तने काकूंनी मांडीवरची गवसणी उचललीच नाही. नुसत्या बघत होत्या. लहान मूल आरशात प्रथमच स्वतःला बघते तसे त्यांचे तोंड किंचित उघडे राहिले होते. मला घाई झाली. मनात म्हटले, काकू, उचला. आणि मग त्यांनी ती उचलली.

बैठकीत एक बारीक चुळबुळ झाली. दोन शिष्यांनी काकूंकडे पाहिले आणि लगेच घाबरून बुवांकडे. ती जुनी मैफल सगळ्यांना ठाऊक होती. तानपुरा आडवा होईल का, याकडे माझेही लक्ष लागले; ताटली हातात तिरकी होऊन सुंठवडा जमिनीवर सांडत होता, हे मला नंतर कळले. बुवांनी एक लांबलचक तान घेतली, ती वर गेली, वळली, उतरू लागली, आणि समेवर तबल्याची थाप पडली. माना डोलल्या. मला 'टप्' ऐकू आला नाही. काकूंनी गवसणी खाली घेतली, तेव्हा कळले की फोटो निघाला.

बुवा गातच राहिले.

मला वाटले, झाले. पण शेवटाकडे, लय वाढलेली असताना, काकूंनी गवसणी पुन्हा डोळ्याला लावली. या वेळी सम आली तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. थापेच्या पुढे, एकटाच, अगदी मऊ. गवसणीच्या खाली काकूंचे ओठ घट्ट मिटलेले होते. बुवांच्या पाठीवर काही उमटले नाही. त्यांनी बंदिशीच्या पहिल्या ओळीचा तोच मुखडा पुन्हा घेतला, आणखी एकदा समेवर आणून ठेवला, आणि बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी काकू कॅमेरा परत द्यायला आल्या. पहिले चित्र मी संगणकाच्या मोठ्या स्क्रीनवर लावले. धंद्याच्या दृष्टीने त्यात दोष होते. स्पष्टता डोळ्याऐवजी भुवईवर बसली होती, आणि एका कोपऱ्यात तबलजीच्या कोपराचा तुकडा शिरला होता. काकूंना यातले काही दिसत नव्हते.

"मला वाटायचं डोळे मिटत असतील," त्या म्हणाल्या. "उघडे आहेत की! आणि भुवया बघ. समेवर येताना मुलासारखे विचारून राहिलेत, जमलं का, जमलं का. बाहेर केवढा दरारा!" मग स्क्रीनजवळ सरकून, "असे दिसतात होय."

दुसऱ्या चित्राबद्दल त्या म्हणाल्या, "तो हलला असेल. राहू दे." पाहिलाही नाही. मी पहिला फोटो मॅट कागदावर छापून दिला. दुसरा दुकानाच्या संगणकावर राहिला.

ऑपरेशन झाले. गाठ निघाली, आणि डॉक्टरांच्या 'नंतर बघू'चा अर्थ काकूंना समजला होता तोच होता. बुवा आता कुजबुजल्यासारखे बोलतात. शिष्य अजून येतात. बुवा हाताने लय धरतात, चुकले की बोट वर करतात. हे सगळे मला काकूंकडून कळत होते. मार्गशीर्षातल्या एका सकाळी, गळ्याला मफलर गुंडाळून, बुवा स्वतः दुकानात आले. एकटेच.

मामा हात जोडून उभा राहिला. बुवा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. त्यांना पुढे वाकून बोलावे लागत होते आणि मला पुढे वाकून ऐकावे लागत होते.

"तूच का ती? कॅमेऱ्याला गवसणी घालणारी?"

"गवसणी काकूंची, बुवा. कॅमेरा आमचा."

"दोनदा वाजला."

मामाने गल्ल्यामागे कुठलीतरी वस्तू शोधायला सुरुवात केली.

"पहिला समेवर होता," बुवा म्हणाले. "बरोबर. सुई शिरणार नाही इतका बरोबर. तो घरी भिंतीवर आहे." त्यांनी श्वास घेतला. "दुसरा अर्धी मात्रा मागे पडला. ती कधी मागे पडत नाही. माझ्या तबलजीपेक्षा तिची लय पक्की आहे. तो कुठे आहे?"

मी संगणकावर दुसरे चित्र उघडले. पहिल्या चित्रात बुवा तबलजीकडे पाहत होते. या चित्रात ते सरळ लेन्सकडे पाहत होते. सगळे पुसट होते. चेहरा ओळखू येत होता, इतकेच.

"हललाय," मी म्हणाले.

"कोण? मी की ती?"

हा प्रश्न मला रोज विचारला जातो, आणि त्याचे उत्तर शास्त्राने देता येते. समोरचा हलला तर तो एकटा पुसट होतो आणि मागची भिंत स्वच्छ राहते. कॅमेरा धरणारा हात हलला तर सगळेच एका दिशेने वाहून जाते. मी चित्र मोठे केले. बुवांच्या मागे आतले दार होते, चौकट होती, दारात ताटली धरून उभी असलेली मी होते. दार, चौकट, मी, बुवा, सगळेच एका बाजूला सारखेच वाहिले होते.

"काकू," मी म्हणाले.

बुवा हसले. आवाज आला नाही, खांदे हलले. मग उजव्या हाताने स्टुलाच्या कडेवर हळूच एक थाप दिली, आणि तिच्यानंतर थोडे थांबून, एका बोटाने, आणखी एक.

"हाच दे," ते म्हणाले.

मामा पुढे आला. "बुवा, केवढा करू? फ्रेमचा?"

बुवांनी सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढले, उघडले, आणि आतला फोटो ठेवायचा रिकामा कप्पा त्याला दाखवला.